क्रेडिट कार्डाचा एक पॉइंट म्हणजे नेमके किती पैसे? रिवॉर्ड्सचा हिशेब समजून घ्या

'अभिनंदन! तुमच्या कार्डावर १२,४०० रिवॉर्ड पॉइंट्स जमा आहेत.'

असा मेसेज आला की कुणालाही बरं वाटतं. आकडा पाच अंकी असल्यामुळे काहीतरी घबाड हाती लागल्यासारखं वाटतं. पण या १२,४०० पॉइंट्सचे रुपये किती होतात, असं विचारलं तर बहुतेकांना चटकन सांगता येत नाही.

कारण उत्तर प्रत्येक कार्डागणिक बदलतं. एका कार्डावर याचे १२,४०० रुपये होतील, दुसऱ्या कार्डावर ३,१००. इतकंच नाही, एकाच कार्डावरचे तेच पॉइंट्स एका ठिकाणी वापरले तर जास्त पैसे मिळतात आणि दुसऱ्या ठिकाणी वापरले तर कमी.

भारतात वापरात असलेल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२५ मध्ये ११ कोटींच्या पुढे गेली. बहुतेक कार्डं विकली जातात ती पॉइंट्स, कॅशबॅक आणि एअरपोर्ट लाउंजच्या नावावर. मग या रिवॉर्ड्सचा खरंच फायदा होतो का? होतो. पण तो 'जास्त पॉइंट्स' मिळवणाऱ्याला होत नाही, हिशेब करणाऱ्याला होतो. तो हिशेब कसा करायचा, ते पाहू.

पॉइंट्सचे पैसे येतात कुठून?

बँक आपल्याला फुकट काही देत नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. मग हे पैसे देतं कोण?

पहिला स्रोत आहे दुकानदार. तुम्ही १,००० रुपयांची खरेदी करून कार्ड स्वाइप केलं की दुकानदाराला पूर्ण १,००० रुपये मिळत नाहीत. साधारण दीड ते अडीच टक्के रक्कम कापली जाते. तिला मर्चंट डिस्काउंट रेट किंवा एमडीआर म्हणतात. यातला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातूनच बँक तुम्हाला थोडं परत देते. डेबिट कार्डाच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर तर जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. त्यामुळे यूपीआयवर क्रेडिट कार्डासारखे घसघशीत पॉइंट्स मिळत नाहीत. मुळात वाटायला पैसेच नसतात.

दुसरा स्रोत म्हणजे वार्षिक फी. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा स्रोत म्हणजे वेळेवर बिल न भरणाऱ्यांचं व्याज आणि लेट फी.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतल्या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या कार्डांचा हिशेब मांडला. रिवॉर्ड्समुळे दरवर्षी सुमारे १५ अब्ज डॉलर एका गटाच्या खिशातून दुसऱ्या गटाकडे जातात, असा त्यांचा अंदाज आहे. कुणाकडून कुणाकडे? कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे आणि गरीब वस्त्यांकडून श्रीमंत वस्त्यांकडे. तिथे फरक पडतो तो कार्ड कसं वापरलं जातं याने. एक जण पूर्ण बिल भरून पॉइंट्स नेतो, दुसरा थकबाकी ठेवून त्याचा खर्च उचलतो.

हे आकडे अमेरिकेतले असले तरी प्रश्न आपल्यालाही लागू होतो: या व्यवहारात आपण कोणत्या बाजूला आहोत?

खरा दर कसा काढायचा?

जाहिरातीत '५ पट पॉइंट्स', '१० पट पॉइंट्स' असे शब्द असतात. ते बाजूला ठेवा आणि फक्त तीन गोष्टी शोधा.

१. किती रुपयांच्या खर्चामागे किती पॉइंट्स मिळतात?
२. एका पॉइंटची किंमत किती?
३. म्हणजे १०० रुपयांच्या खर्चावर परत किती आले?

समजा एका कार्डावर १५० रुपयांमागे ४ पॉइंट्स मिळतात आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे आहे. म्हणजे १५० रुपयांवर १ रुपया परत. शंभरावर झाले साधारण ६७ पैसे. या कार्डाचा खरा दर आहे ०.६७ टक्के.

आता दुसरं कार्ड. १०० रुपयांवर १ पॉइंट, त्याची किंमत २५ पैसे. ऑनलाइन खरेदीवर १० पट. ऐकायला प्रचंड वाटतं. पण १० पॉइंट्स म्हणजे अडीच रुपये, म्हणजे दर झाला २.५ टक्के. चांगला आहे, पण '१० पट' या शब्दाने जे चित्र उभं राहतं तेवढा नाही. आणि बाकी सगळ्या खर्चावर हेच कार्ड फक्त ०.२५ टक्के देतं.

तिसरं कार्ड सरळ १ टक्का कॅशबॅक देतं. नाव साधं, जाहिरात साधी. पण रोजच्या खर्चासाठी ते वरच्या दोन्ही कार्डांपेक्षा भारी ठरतं.

अनेक कार्डांवर एका पॉइंटची किंमत २५ पैशांच्या आसपास असते. म्हणजे आपल्या जुन्या भाषेत चार आणे. म्हणून पॉइंट्सचा आकडा दिसला की आधी त्याला चारने भागून बघायची सवय लावा. नेमकी किंमत कार्डाच्या नियमांत मिळेल, पण डोक्यातली हवा तेवढ्यानेच कमी होते.

आणखी एक बारीक गोष्ट. 'दर १५० रुपयांमागे' याचा अर्थ पूर्ण १५० रुपयांमागे. बिल २९९ रुपयांचं झालं तर बहुतेक ठिकाणी एकाच १५० चे पॉइंट्स मिळतात, उरलेल्या १४९ रुपयांवर काहीच नाही. छोट्या छोट्या खर्चात ही गळती बरीच होते.

तेच पॉइंट्स, किंमत वेगवेगळी

पॉइंट्स मिळवणं हा अर्धाच भाग झाला. ते कुठे वापरता यावर उरलेला अर्धा भाग ठरतो. साधारणपणे चार पर्याय असतात.

वस्तूंचा कॅटलॉग: मिक्सर, बॅग, हेडफोन अशा वस्तू. इथे पॉइंटची किंमत बऱ्याचदा सगळ्यात कमी पडते. वस्तू निवडण्याआधी तीच वस्तू बाजारात कितीला मिळते ते बघा.

स्टेटमेंट क्रेडिट: पॉइंट्सचे पैसे थेट बिलातून वजा होतात. सोपं आणि सोयीचं, पण अनेक कार्डांवर इथे दर थोडा कमी लावतात.

व्हाउचर: किंमत मध्यम. ज्या दुकानात एरवीही जाणार आहात त्याचंच व्हाउचर घ्या. नाहीतर ५०० चं व्हाउचर खपवायला २,००० ची खरेदी होते.

विमान आणि हॉटेल: बँकेच्या पोर्टलवरून बुकिंग करता येतं किंवा पॉइंट्स विमान कंपनीच्या मैल योजनेत वळवता येतात. इथे किंमत सगळ्यात जास्त मिळू शकते, पण खात्री नसते.

किंमत काढण्याचं सूत्र सोपं आहे. समजा एका तिकिटाला रोख १२,००० रुपये लागतात. तेच तिकीट २०,००० पॉइंट्स अधिक २,००० रुपये करात मिळतं. म्हणजे २०,००० पॉइंट्सनी १०,००० रुपये वाचवले. एका पॉइंटला मिळाले ५० पैसे. हेच पॉइंट्स बिलात वळते केले असते आणि तिथे २० पैसे दर असता, तर मिळाले असते ४,००० रुपये.

पण ज्याला वर्षभर विमानाने कुठे जायचंच नाही त्याने या ५० पैशांच्या मागे लागू नये. न वापरलेल्या ५० पैशांपेक्षा हातात पडलेले २० पैसे बरे.

पॉइंट्स वापरतानाही अनेक बँका प्रत्येक वेळी सुमारे ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात. म्हणजे जवळपास ११७ रुपये. ५०० रुपयांचे पॉइंट्स वापरले तर जवळजवळ पावभाग फीमध्येच गेला. त्यामुळे अशा कार्डांवर पॉइंट्स थोडे साठवून एकदम वापरलेले बरे.

कुठल्या खर्चावर पॉइंट्स मिळत नाहीत?

ही यादी प्रत्येक कार्डाची वेगळी असते आणि गेल्या काही वर्षांत ती वाढत गेली आहे. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, ईएमआयवरची खरेदी आणि सरकारी भरणा यांवर अनेक कार्डं काहीच देत नाहीत. वीजबिल, विमा हप्ता, शाळेची फी यांवर कुठे मर्यादा आहे, तर कुठे दर कमी आहे. एटीएममधून रोख काढली तर पॉइंट्स सोडाच, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

घरभाडं कार्डाने भरलं तर अनेक बँका १ टक्का शुल्क घेतात. पॉइंट्स मिळत नसतील तर हा निव्वळ तोटा आहे.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. २०२२ पासून ही सोय सुरू झाली. वडापावच्या गाडीवरही क्यूआर कोड स्कॅन करून क्रेडिट कार्ड वापरता येतं. पण छोट्या दुकानदारांकडे २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारांवर एमडीआर लागत नाही. त्यामुळे यूपीआयवरच्या खर्चाला रिवॉर्ड किती, हे कार्ड घेण्याआधी वेगळं तपासा.

आणि दुकानदार 'कार्डाने दिलंत तर दोन टक्के जास्त पडतील' म्हणाला तर? तुमचं कार्ड १ टक्का देत असेल तर यूपीआय करून मोकळे व्हा.

कोणतं कार्ड घ्यावं?

'सगळ्यात बेस्ट कार्ड कोणतं?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'माझ्या खर्चाला कोणतं?' याला आहे. त्यासाठी मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि खर्चाचे गट पाडा: किराणा, ऑनलाइन खरेदी, वीज-मोबाइल बिलं, पेट्रोल, प्रवास, हॉटेलिंग.

समजा एका घरात महिन्याला २५,००० रुपये कार्डाने भरता येतील. त्यातले ८,००० ऑनलाइन आणि १७,००० इतर.

पर्याय एक: सगळ्यावर १ टक्का देणारं कार्ड. वर्षाला ३ लाखांवर ३,००० रुपये.

पर्याय दोन: ऑनलाइनवर ५ टक्के आणि बाकीवर १ टक्का. ऑनलाइनचे महिन्याला ४००, इतर १७०. वर्षाला झाले ६,८४०.

आता फी वजा करा. १,००० रुपये वार्षिक फी म्हणजे जीएसटी धरून १,१८०. दुसऱ्या कार्डावर ही फी लागली तरी उरतात ५,६६०. पण त्याच फीचं कार्ड सगळीकडे १ टक्काच देत असेल, तर पहिले १ लाख १८ हजार रुपये खर्च होईपर्यंत तुम्ही फक्त फी वसूल करत असता.

लाउंजचंही तसंच. आता अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंज मिळतं. वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्याने लाउंजसाठी महाग कार्ड घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बहुतेक घरांना दोन कार्डं पुरतात. एक, ज्या गटात सर्वाधिक खर्च होतो त्यासाठी. दुसरं, बाकी सगळ्यासाठी, शक्यतो वार्षिक फी नसलेलं. पाच-सहा कार्डं झाली की एखादी ड्यू डेट चुकतेच.

एका महिन्याचं व्याज किती पॉइंट्स खातं?

इथे सगळा खेळ फिरतो. क्रेडिट कार्डांचं व्याज बऱ्याचदा महिन्याला ३ ते ३.७५ टक्के असतं. वर्षाचे झाले ३६ ते ४५ टक्के. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं म्हटलं होतं. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. म्हणजे ती ३० टक्क्यांची मर्यादा आता नाही.

आता वरच्याच घराचं २५,००० चं बिल घ्या. एक महिना ते थकलं आणि व्याज ३.५ टक्के असेल तर ८७५ रुपये व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी, १५७ रुपये ५० पैसे. एकूण १,०३२ रुपये ५० पैसे. लेट फी वेगळी. आणि १ टक्क्याच्या दराने या २५,००० वर रिवॉर्ड मिळाला होता फक्त २५० रुपये. एका महिन्याच्या थकबाकीने चार महिन्यांचे रिवॉर्ड्स संपले.

'मिनिमम ड्यू' भरला तर लेट फी लागत नाही, पण व्याज लागतंच. शिवाय जुनी थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासून व्याज सुरू.

म्हणून रिवॉर्ड्सचा पहिला नियम पॉइंट्सबद्दल नाहीच. बचत खात्यातून पूर्ण बिलाचं ऑटो-पे लावा. ऑटो-पे लावताना 'मिनिमम' नव्हे, 'टोटल ड्यू' निवडलंय ना, हे दोनदा बघा. ज्या महिन्यात पूर्ण बिल भरता येणार नाही असं दिसतं, त्या महिन्यापासून कार्ड कपाटात. आधीच थकबाकी असेल तर पॉइंट्सचा विचार सोडून ती फेडण्याकडे लक्ष द्या. ४० टक्के व्याज वाचवण्याइतकं मोठं रिवॉर्ड कुठलंच कार्ड देत नाही.

टार्गेट गाठायला खरेदी करावी का?

'वर्षात ४ लाख खर्च करा, ५,००० चं व्हाउचर मिळवा.' आणि शेवटच्या महिन्यात लक्षात येतं की ४०,००० कमी पडताहेत.

पुढच्या महिन्यात भरायचाच असलेला विमा हप्ता किंवा घ्यायचाच असलेला फ्रीज आधी घेतला, तर हरकत नाही. फक्त तो खर्च टार्गेटमध्ये धरला जातो का, ते तपासा. पण गरज नसताना ४०,००० ची खरेदी केली तर तुम्ही ५,००० कमावलेले नसतात, ३५,००० घालवलेले असतात.

कार्ड हातात असलं की हात सैल सुटतो, हे प्रयोगातूनही दिसलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांच्या २००१ च्या अभ्यासात, तिकिटांच्या लिलावात कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांनी रोख देणाऱ्यांपेक्षा खूप जास्त, काही वेळा दुपटीपर्यंत बोली लावली.

मित्रांची बिलं आपल्या कार्डावर भरून पॉइंट्स गोळा करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी १० लाख किंवा त्याहून जास्त भरले, किंवा रोखीने १ लाख भरले, तर बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते. खर्च तुमच्या उत्पन्नाशी जुळत नसेल तर विचारणा होऊ शकते.

पॉइंट्स साठवावेत की वापरावेत?

पॉइंट्स म्हणजे मुदत ठेव नव्हे. त्यांवर व्याज मिळत नाही, अनेकदा त्यांना मुदत असते आणि त्यांची किंमत बँक बदलू शकते.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ॲक्सिस बँकेचं मॅग्नस कार्ड. महिन्याला १ लाख खर्च केला की या कार्डावर २५,००० पॉइंट्स जादा मिळायचे. १ सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झाले. आधी ५ पॉइंट्सचे ४ मैल व्हायचे, ते २ झाले. म्हणजे १ लाख पॉइंट्सचे ८०,००० मैल होत होते, तिथे ४०,००० होऊ लागले. त्याच वेळी वार्षिक फी १०,००० वरून १२,५०० झाली, जीएसटी वेगळा. ज्यांनी मोठ्या सहलीसाठी पॉइंट्स जपून ठेवले होते, त्यांच्या साठ्याची किंमत या मार्गाने निम्मी झाली.

त्यामुळे वर्षातून एक-दोनदा पॉइंट्स वापरून टाकलेले बरे. बँकेकडून 'नियमांत बदल' असा मेल आला तर तो न वाचता डिलीट करू नका.

कार्ड परवडेनासं झालं तर बंद करा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या नियमांनुसार, थकबाकी नसेल तर विनंती केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवं. नाही केलं तर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. मात्र त्याआधी उरलेले पॉइंट्स वापरून घ्या. कार्ड बंद झालं की ते सहसा जातात.

'आज पॉइंट्स एक्सपायर होणार' असा मेसेज आला तर?

थांबा. पॉइंट्सचं आमिष हा सायबर चोरांचा आवडता सापळा आहे. 'तुमचे ९,८०० रुपयांचे पॉइंट्स आज रात्री संपणार' असं सांगून लिंक किंवा एपीके फाइल पाठवली जाते. लिंकवर कार्ड नंबर आणि ओटीपी टाकला, किंवा ती फाइल मोबाइलमध्ये घेतली, की खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही. रिवॉर्ड्ससाठी आपण लिंक किंवा एपीके फाइल पाठवत नाही, असं भारतीय स्टेट बँकेनेही ग्राहकांना बजावलं आहे.

पॉइंट्स बघायचे असतील तर बँकेचं अधिकृत ॲप स्वतः उघडून बघा. घरातल्या ज्येष्ठांनाही हे सांगून ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच बँकेला कळवून कार्ड ब्लॉक करा आणि १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

थोडक्यात

- पूर्ण बिल वेळेवर भरता येत असेल तरच रिवॉर्ड्सचा विचार करा.
- १०० रुपयांवर किती पैसे परत येतात, हा एकच आकडा काढून कार्डांची तुलना करा.
- वार्षिक फी, जीएसटी आणि पॉइंट्स वापरण्याची फी वजा करा.
- खर्चाप्रमाणे कार्ड निवडा, कार्डाप्रमाणे खर्च वाढवू नका.
- पॉइंट्स वर्षानुवर्षं साठवू नका.

नीट वापरलं तर एका मध्यमवर्गीय घराला कार्डातून वर्षाला पाच-सहा हजार रुपये वाचवता येतात. दोन-तीन महिन्यांच्या वीजबिलाइतके पैसे. रक्कम लहान नाही, पण त्यासाठी घबाडाच्या मागे धावण्याची नव्हे, महिन्यातून एकदा दहा मिनिटं स्टेटमेंट वाचण्याची गरज आहे.